मालमोटारीचें तेल : जाडी कोणती व गाळणी कोणती ?

आपल्या भागांत एक काळ असा होता कीं, माल बाजारांत नेणें म्हणजे बैलांची व गाडीची निगा राखणें हेंच होतें. बैलाला काय चारावें, आंसाला वंगण केव्हां द्यावें, चाकाला धाव केव्हां चढवावी, हें ज्याचें त्याला कळत असे. आतां कांदा, द्राक्षें, ऊस व भाजीपाला मालमोटारीनें जातो, आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत स्वतःची किंवा भावांच्या भागीदारीची गाडी उभी आहे. परंतु बैलाविषयीं आपण जी चौकशी करीत होतों, तिच्या चतुर्थांशही चौकशी इंजिनाच्या तेलाविषयीं करीत नाहीं. मिस्त्री म्हणेल तें तेल आणि दुकानदार पुढें ठेवील तो ऑइल फिल्टर, असा सर्वत्र प्रघात पडला आहे. हा प्रघात आम्हांस घातक वाटतो.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका सभासदांची गाडी कांदा भरून वाशीच्या बाजाराकडे निघाली होती. कसारा घाट उतरून शहापूर गांठण्याच्या आधींच इंजिनांत खडखड सुरू झाली, आणि थोड्याच वेळांत तें जाम झालें. उन्हांत दुसरी गाडी भाड्यानें मिळवून गोणी हलवाव्या लागल्या. माल एक दिवस उशिरां पोंचला. इंजिन उघडलें तेव्हां क्रँकचीं बेअरिंगें खरवडून निघालेलीं आढळलीं. दुरुस्तीचा आंकडा लाखावर गेला, म्हणजे त्या उन्हाळ्याच्या कांद्यांतून हातीं राहावयाचें तें सर्व त्यांत गेलें. चौकशी करतां असें कळलें कीं, दोन महिन्यांपूर्वीं तेल बदलतांना मिस्त्रीनें सल्ला दिला होता : “गाडी जुनी झाली, ऊन कडक आहे, आतां जाड तेल घाला.” त्याप्रमाणें पुस्तिकेंत १५डब्ल्यू-४० सांगितलेलें असतां ५० नंबरचें तेल घातलें गेलें, आणि खर्च जुळविण्यासाठीं फिल्टर मात्र स्वस्तांतला घेतला.

केवळ जाड तेलानें तें इंजिन गेलें असें आमचें म्हणणें नाहीं. तो जुना फिल्टर आम्हीं मागून घेतला, पुस्तिकेंत सांगितलेल्या नंबरचा दुसरा एक वापरलेला फिल्टर मिळविला, आणि दोन्ही डबे कापून शेजारीं ठेवून पाहिले. बाहेरून दोघांचा रंग व आकार सारखाच होता. एकांत कागदाच्या चुण्या दाट व खोल होत्या आणि दोन्ही टोकांस पक्क्या बसविलेल्या होत्या. दुसऱ्यांत चुण्या मोजक्या, एका बाजूचा डिंक सुटलेला, व कागद आंत चेपून बसलेला होता. म्हणजे तेल कागदांतून न जातां कडेच्या फटींतून सरळ बेअरिंगांकडे जात होतें. धान्य चाळतांना चाळणीचा तळच निघाला असेल तर चाळण्याचे श्रम कशासाठीं करावयाचे ?

आतां अंकांविषयीं. डब्यावरील १५डब्ल्यू-४० ही भाषा एसएई या अमेरिकेंतील इंजिनिअरांच्या संस्थेनें ठरविलेली आहे. मागचा ४० हा अंक इंजिन तापल्यावर, म्हणजे शंभर अंश सेल्सिअसला, तेल किती जाड राहतें हें सांगतो. मोजमापाच्या भाषेंत ४० नंबरचें तेल त्या उष्णतेला १२.५ पासून १६.३ सेंटिस्टोकपर्यंत भरतें. ५० नंबरचें त्याच्यापुढें २१.९ पर्यंत. डब्ल्यू हें अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें असून त्याच्या आधींचा अंक थंडींतील वर्तन दाखवितो. १५ अंकाच्या तेलाची परीक्षा इंजिन फिरविण्याच्या बाबतींत शून्याखालीं वीस अंशांवर होते, २० अंकाच्या तेलाची शून्याखालीं पंधरावर. निफाडकडे पारा कधीं कधीं चार-पांच अंशांच्याही खालीं जातो खरा, परंतु ही थंडी त्या परीक्षेपुढें कांहींच नाहीं. यास्तव पुस्तिकेंत १५ व २० हे दोन्ही अंक चालतील असें लिहिलें असेल, तर त्यावर वाद घालीत बसण्याचें कारण नाहीं.

खरा घोटाळा मागच्या अंकाचा होतो. पूर्वीं एकाच नंबरचीं तेलें मिळत, तेव्हां हिवाळ्यांत ३० व उन्हाळ्यांत ४० असें ऋतूप्रमाणें बदलणें योग्यच होतें, आणि आमच्या वडीलधाऱ्यांनीं तें केलेंही. पण तीच समजूत आज दुहेरी अंकाच्या तेलाला लावणें चूक आहे. चंद्रपूरला बाहेर ४५ अंश असोत कीं महाबळेश्वरीं २० असोत, इंजिनांतील पाण्याची उष्णता थर्मोस्टॅट ठराविक ठेवतो आणि आंतलें तेल कामाच्या वेळीं शंभर अंशांच्या आसपासच राहतें. रेडिएटर स्वच्छ असेल तर बाहेरच्या उन्हानें त्यांत फारसा फरक पडत नाहीं. इंजिन बनविणारानें बेअरिंगांतील फट केसाहूनही बारीक ठेवलेली असते, व त्या फटींतून किती जाडीचें तेल वाहील याचा हिशेब त्यानें आधींच केलेला असतो. नव्या गाड्यांपैकीं कांहींना तर ३० अंकाचेंच तेल सांगितलेलें असतें. तेथें ४० घालणें हेंही जाडच होय.

जाड तेल घातल्यावर दाबाचा कांटा वर चढतो आणि मालकाचें समाधान होतें. वस्तुतः दाब वाढला म्हणजे तेल अधिक पोंचलें असें नव्हे. तें अडखळत चाललें आहे असाही त्याचा अर्थ होतो. सकाळीं गार इंजिन चालू करतांना जाड तेल वरच्या भागांत व टर्बोच्या बेअरिंगांत उशिरां पोंचतें. आणि झीज पुष्कळशी याच क्षणीं होते. शिवाय दुसरी एक गोष्ट आहे, जी मिस्त्रीमंडळी क्वचितच सांगतात. बहुतेक फिल्टरांत, अथवा तो बसतो त्या जागीं, एक लहान झडप असते. फिल्टर तुंबला, किंवा तेल इतकें जाड झालें कीं कागदांतून लवकर निघेना, तर इंजिन तेलावांचून राहूं नये म्हणून ती झडप उघडते आणि न गाळलेलें तेल पुढें सोडते. म्हणजे चांगला फिल्टर घेऊनही तेल अवाजवी जाड घातलें, तर रोज सकाळीं कांहीं वेळ गाळणीला बगलच मिळते. तेलाची जाडी व गाळणी हे दोन प्रश्न एकत्रच सोडविले पाहिजेत, असें आम्ही म्हणतों तें यामुळें.

जाडीबरोबर तेलाचा दर्जाही पाहावा. डब्यावर सीआय-४, सीके-४ अशीं अक्षरें असतात. पहिला दर्जा २००२ सालीं आला व दुसरा २०१६ च्या अखेरीस. एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांपैकीं ज्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी आहे, त्यांना कमी राखेचें तेल लागतें. काजळी त्या गाळणींत जाळून टाकतां येते, पण तेलांतील राख जळत नाहीं. ती सांचत जाते व शेवटीं फार महाग पडणारा तो भाग बदलावा लागतो. जुन्या गाडीचें उरलेलें तेल नव्या गाडींत ओतण्याची आपली काटकसर येथें अंगाशीं येईल. तेल काळें पडलें म्हणजे खराब झालें ही समजूतही सोडावी. डिझेल इंजिनांत चांगलें तेल काजळी स्वतःमध्यें धरून ठेवतें, म्हणून तें लवकर काळें होणारच. उलट कारखान्याच्या अड्ड्यावर उसाच्या रांगेंत इंजिन चालू ठेवून तासन् तास सरकणाऱ्या गाडीचें तेल, किलोमीटर कमी दिसले तरी, थकलेलें असतें. अशा गाडीचा हिशेब तासांनीं ठेवणें आम्हांस अधिक योग्य वाटतें.

फिल्टर बसवितांना जुन्या फिल्टरचा रबरी वायसर इंजिनाला चिकटून राहिला नाहीं ना, हें बोटानें चांचपून पाहावें. जुन्यावर नवा बसला तर दाब येतांच तो निसटतो व सगळें तेल रस्त्यावर सांडतें. नव्या वायसरला तेलाचें बोट लावून फिल्टर हातानेंच आंवळावा. पान्यानें आंवळलेला फिल्टर पुढच्या खेपेस निघतां निघत नाहीं. काढलेलें जळकें तेल विहिरीकडे जाणाऱ्या पाटांत किंवा गोठ्यामागें ओतूं नये. पुनर्वापर करणाऱ्या परवानाधारकाकडे तें द्यावें.

कांहीं वाचक म्हणतील कीं, जुन्या इंजिनाला जाड तेलानें आराम पडतो हा आमचा अनुभव आहे. इंजिन खरोखर झिजून तेल जाळूं लागलें असेल आणि पुस्तिकेंतच जाड अंकाची मुभा दिली असेल, तर ती अवश्य घ्यावी. पण तें दुखणें लपविण्याचें साधन आहे, औषध नव्हे. रिंगा व बेअरिंगें तपासण्याचा दिवस त्यानें फक्त पुढें जातो.

आमची सूचना मंडळाच्या चालकांस अशी आहे कीं, सभासदांच्या गाड्यांची यादी करून प्रत्येकीच्या पुस्तिकेंतील तेलाचा अंक, दर्जा व फिल्टरचा नंबर एका वहींत उतरून घ्यावा, आणि खतांप्रमाणें हा मालही पावतीसह अधिकृत विक्रेत्याकडूनच एकत्र मागवावा. एकेकट्या सभासदाला दुकानदार जो डबा पुढें करतो, तो पंचवीस गाड्यांच्या मागणीपुढें करावयास तो धजणार नाहीं. ज्यांच्या पुस्तिका हरवल्या असतील त्यांनीं गाडीचा चासीस नंबर घेऊन पुढच्या सभेला यावें.