पाणंदीला डांबर नको, मुरूमच बरा

खडकीत होळकर पुलाखालून जाणारं मुळेचं पाणी संगमावर मुठेला, पुढं भीमेला मिळून उजनीत आमच्याकडंच येतं. हल्ली त्यामागोमाग पुण्याची सायकलवाली पोरंही येतात. भिगवण-कुंभारगावचा सपाट काठ, गाड्यांचा त्रास नाही, हिवाळ्यात रोहित पक्षी. येऊ द्या की!

पण या वाटा डांबरी करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. डांबर पडलं की डंपर सुसाट सुटणार, मग ना सायकल ना बैलगाडी. मुरूम टाका, रोलर फिरवा, दोन्हीकडं चर काढा. चर नसला तर काळ्या रानात चिखल चाकं धरतो, ऊसही बाहेर निघत नाही. आणि पोरांनो, चारीच्या बांधावर सायकल घालू नका. बांध खचला की पाणी शेजाऱ्याच्या रानात जातं.