कोरमपुरत्या बायका?

मैत्रिणींनो, लोडशेडिंगचे ते दिवस आठवतात? २००५-०६ च्या सुमाराला आमच्या वाशिंदला नेमकी संध्याकाळी वीज जायची. कुकर लावून मिक्सरला हात घालावा, की झाला अंधार! मुलांचा अभ्यास मेणबत्तीवर. तेव्हा कुणी म्हटलं असतं, 'डोंगरात वीजप्रकल्प होतोय', तर मी पेढे वाटले असते.

तो खरंच होत होता, आणि त्याची खालची बाजू तर आपल्याच शहापूर तालुक्यात. वर घाटघर, खाली चोंढे. २००८ साली हा २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. नाव जड, पण तंत्र आपल्या घरातलंच. नळाला पाणी असतं तेव्हा आपण गच्चीवरची टाकी भरून ठेवतो ना, तसं. विजेची मागणी कमी असताना खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची.

आता सौर वीज वाढतेय. ऊन दुपारी, दिवे रात्री. म्हणून अशा 'टाक्या' जास्त लागणार. त्यासाठी उंच कडा हवा आणि पायथ्याशी दरी हवी. ती आहे आपल्या सह्याद्रीत. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने एनएचपीसीशी चार प्रकल्पांचा, एकूण ७३५० मेगावॉटचा करार केला. त्यातल्या एकाचं नाव काळू. त्याच महिन्यात कर्जत, मावळ आणि जुन्नरसाठी एका खासगी कंपनीशी ५७०० मेगावॉटचा करार झाला. मुरबाडच्या माळशेज घाट-भोरांडे इथे आणखी १५०० मेगावॉटची योजना आहे.

'मग चांगलंच की! कोळशाच्या धुरापेक्षा बरं,' माझी लेक म्हणते. खोटं नाही. मीही विरोधात नाही. पण हे डोंगर म्हणजे नुसते दगडधोंडे नाहीत. याच रांगेत, मुरबाडकडून चढून गेलं की नाणेघाट लागतो. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या नागनिका राणीचा लेख कोरलेला आहे. वाशिंदहून दिसणाऱ्या माहुलीवर जिजाऊ बाळ शिवाजीला घेऊन राहिल्या होत्या. आणि पाड्यापाड्यांवरच्या बायकांची करवंदं, मोहाची फुलं, सरपण, देवराया? त्यांचा शिलालेख नाही, पण वारसा तोही आहेच.

'हरित' म्हटलं की सगळं आपोआप चांगलं होत नाही. भीमाशंकरच्या अभयारण्यालगत पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पवनचक्की धूर सोडत नाही हे खरं, पण तिचं पातं डोंगरावर न्यायला रुंद रस्ता लागतो. त्या रस्त्यांपायी झालेली जंगलतोड, ढासळलेली माती आणि डावलले गेलेले गावकऱ्यांचे वनहक्क, हे सगळं माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात नोंदवलं आहे.

आणि आपल्याला तर जुना अनुभव आहे. १८९२ पासून तानसाचं पाणी मुंबईला जातंय. पुढे वैतरणा, भातसाही गेल्या. याच तालुक्यातल्या पाड्यांवर मात्र दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. उद्या वीजही डोक्यावरच्या तारांतून अशीच पुढे जाणार का?

हे विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ च्या पेसा कायद्यानुसार जमीन घेण्याआधी सल्लामसलत करावी लागते. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. म्हणजे आपल्याशिवाय सभाच होत नाही! पण २०२२ च्या नियमांनंतर जंगलजमिनीला केंद्राची मंजुरी आधी मिळू शकते आणि हक्कांचा प्रश्न मागून राज्याकडे येतो. म्हणून तर गावाने वेळेत बोलायला हवं.

आणि आपण काय करतो? एकदा माहेरी गेले होते, तेव्हा ग्रामसभा होती. बायका मागे सतरंजीवर. वही फिरली, सह्या झाल्या. शेजारची काकू पदर झटकत उठली, 'कोरम झाला ना? चला, भाकऱ्या टाकायच्यात.' मीही तिच्याबरोबर उठले. पुढे सभेत काय ठरलं, ते आजही मला माहीत नाही. याची मला लाज वाटते.

यापुढे असं नको. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची, असं आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. चारच गोष्टी विचारा. पाणी कुठलं घेणार? रस्त्यासाठी किती झाडं पडणार? आमच्या वनहक्काच्या दाव्यांचं काय झालं? आणि वीज आमच्या पाड्यावर येणार की नुसती वरून जाणार? उत्तरं पटली तर खुशाल 'हो' म्हणा. नाही पटली तर ठरावात तसं लिहून घ्या, वाचून बघा, मगच सही करा.

भाकऱ्या काय, अर्धा तास उशिरा झाल्या तरी चालतात.