फॉरमॅट मारण्याआधी

पत्ता बरोबर टाइप केला तरी पान भलतेच उघडते. कधी बक्षीस लागल्याची जाहिरात, कधी अनोळखी सर्च इंजिन, कधी ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशी खोटी ताकीद. अँटीव्हायरसने सगळी डिस्क तपासली तर उत्तर येते, धोका आढळला नाही. संगणक दुरुस्तीला नेला की बहुतेक दुकानांत एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारा. हा सल्ला सरसकट चुकीचा नाही, पण तो पहिला नसावा असे आम्हाला वाटते.

फॉरमॅटच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. ज्या यंत्राच्या आत काय चालले आहे याची खात्री देता येत नाही, त्यावरून बँकेचा व्यवहार करा असे कुणी कुणाला सांगू नये. कारण शोधत बसायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे ग्राहक देत नाही. दुकानदारालाही पोट आहे. शिवाय घरच्या घरी शोध घेणारी माणसे नेटवरून दिसेल ते फुकट ‘क्लीनर’ उतरवतात आणि त्यांतलेच एखादे नवे दुखणे घेऊन येते. अशा वेळी कोरी डिस्क आणि नवे विंडोज हा सरळ मार्ग वाटतो.

त्याची किंमत मात्र कमी धरली जाते. डीटीपीच्या दुकानात श्रीलिपीची जुनी आवृत्ती आणि तिचे फॉन्ट असतात, लहान व्यापाऱ्याकडे टॅलीचा डेटा असतो. बॅकअप नसला की या गोष्टी गेल्याच. त्याहून मोठा आक्षेप असा की एवढे करूनही पान पुन्हा भलतीकडे जाऊ शकते, कारण बिघाड त्या डिस्कवर नसतोच.

‘डीएनएसचेंजर’चे प्रकरण याच कारणासाठी आठवावे. साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. एस्टोनियातील एका टोळीने लोकांच्या संगणकांची डीएनएस सेटिंग बदलून ती आपल्या सर्व्हरकडे वळवली. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने हे उघड केले तेव्हा शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक त्यात अडकले होते आणि टोळीने किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले होते. या प्रोग्रामच्या काही आवृत्त्या घरातल्या राउटरवर कंपनीचे मूळ पासवर्ड वापरून पाहत आणि जमले तर तिथलीही सेटिंग बदलत. अशा राउटरला जोडलेला नवाकोरा संगणकही चुकीच्या दारात जाऊन उभा राहणार.

दुसरी जागा ब्राउझरची. एक्स्टेंशनला परवानगी आपणच दिलेली असते, त्यामुळे अँटीव्हायरसला त्यात वावगे दिसेलच असे नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोकांनी विश्वासाने घेतलेले एक्स्टेंशन २०२० मध्ये दुसऱ्याच्या हाती गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते धोकादायक ठरवून काढून टाकले. दूषित एक्स्टेंशन खात्याच्या सिंकमध्ये असेल, तर फॉरमॅटनंतर लॉग-इन करताच ते परत येऊन बसते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा: संगणक खरोखरच स्वच्छ असतो आणि साइटच बाधित असते. हल्लेखोर कोड असा लिहितात की गूगलवरून आलेल्या वाचकालाच, आणि तेही पहिल्या वेळीच, दुसरीकडे ढकलले जावे. साइटचा मालक थेट पत्ता टाकून पाहतो, त्याला सगळे ठीक दिसते. वाचकाने पुन्हा पाहिले तर त्यालाही ठीक दिसते, आणि संशय बिचाऱ्या संगणकावर जातो.

म्हणून आधी जागा ठरवावी. त्याच वायफायवर मोबाइल डेटा बंद करून फोनवर तीच पाने उघडावीत. मग संगणक फोनच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावा. वायफायवर दोन्ही उपकरणे भरकटतात आणि हॉटस्पॉटवर संगणक नीट चालतो, तर राउटर पाहा. सगळीकडे एकच ब्राउझर भरकटत असेल, तर एक्स्टेंशन बंद करून पाहा. एकाच साइटवर घडत असेल, तर तिच्या मालकाला कळवा. काही ब्राउझर स्वतःचे वेगळे डीएनएस वापरतात, त्यामुळे एका ब्राउझरवरून निकाल काढू नये. एवढे करून संशय संगणकावरच राहिला आणि त्यावर पैशांचे व्यवहार होत असतील, तर बॅकअप घेऊन फॉरमॅट करणेच योग्य. मात्र मग पूर्ण डिस्क पुसावी. डिस्कच्या बूट विभागात लपणारे रूटकिट नुसते विंडोज पुन्हा टाकल्याने जाईलच असे नाही.

हा सगळा भार सामान्य माणसावर का? एफबीआयच्या कारवाईनंतर टोळीच्या सर्व्हरच्या जागी न्यायालयाच्या आदेशाने स्वच्छ सर्व्हर चालवले गेले. ते लगेच बंद केले असते तर लाखो लोकांचे इंटरनेट तुटले असते. चालू ठेवले तर बाधितांना काही कळणार नव्हते. हे सर्व्हर चालवण्याची मार्च २०१२ ची मुदत ९ जुलैपर्यंत वाढवली गेली. आमच्या मते हे बरोबर होते, कारण त्या काळात गूगलसारख्या कंपन्यांनी बाधित वापरकर्त्यांना पडद्यावरच इशारे दिले. नुसत्या मुदतवाढीने मात्र काही साधले नसते.

भारतात २०१७ पासून सायबर स्वच्छता केंद्र आहे. बाधित यंत्रांची माहिती ते इंटरनेट कंपन्यांना देते आणि सफाईची साधने मोफत पुरवते. पण ती माहिती ग्राहकाच्या दारापर्यंत पोहोचवणे कंपनीच्या हाती असते. राउटर बसवायला येणारा माणूस आजही अनेक घरांत मूळ पासवर्ड तसाच ठेवून निघून जातो. तो बदलून, कागदावर लिहून ग्राहकाच्या हातात देणे हा जोडणीच्या कामाचाच भाग धरला पाहिजे, आणि तशी अट कंपन्यांवर घातली पाहिजे.