आठ पायांचा किडा

रेकॉर्ड प्लेयर पुन्हा इन आहे, बॉस! हॉलमध्ये ठेवला की घराला एकदम क्लास येतो. आवाज येतोच असं नाही. माझ्या मुलुंडच्या मैत्रिणीने नवाकोरा प्लेयर थेट होम थिएटरच्या ऑक्सला जोडला, आईची नाट्यगीतांची एलपी लावली आणि... डास गुणगुणावा तसा आवाज. तबला वाजतोय की नाही तेही कळेना. दुकानदार म्हणाला, स्पीकर बदला, फक्त ४० हजार! आई म्हणाली, रेकॉर्ड्स गेल्या, टाकून द्या. बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर तर आधीच भंगारवाल्यासाठी दारात काढलेला.

तोच उचलून आम्ही लॅमिंग्टन रोडच्या एका रिपेअरवाल्या काकांकडे नेला. त्यांनी झाकण उघडून एका छोट्या बोर्डवर बोट ठेवलं. आठ पायांची आयसी, म्हणजे ऑप-अ‍ॅम्प, आणि भोवती मोजके पार्ट.

“टोन कंट्रोल?” मैत्रीण म्हणाली.

“मग नॉब कुठाय?” काका.

पॉइंट!

फंडा असा. ऑप-अ‍ॅम्प सिग्नल मोठा करतो आणि त्यातला थोडा भाग मागे परत पाठवून स्वतःला आवर घालतो. हा फीडबॅक. वाटेत नुसता रेझिस्टर असेल तर सगळे सूर सारखेच वाढतात. इथे होत्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या दोन जोड्या. कपॅसिटर तीक्ष्ण सूर सहज सोडतो, म्हणून ट्रेबलला आवर जास्त, बेसला कमी. पण हे कशासाठी? काकांनी गुणाकार केला. साडेसात किलोओम गुणिले १० नॅनोफॅरड, झाले ७५ मायक्रोसेकंद. दुसऱ्या जोडीचे ३१८०. “आरआयएए!”

अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५४ मध्ये ठरवलेला हा हिशोब. बेस पूर्ण ताकदीने कोरला तर खाचा रुंद होतात आणि रेकॉर्डवर कमी गाणी मावतात. म्हणून कोरतानाच बेस कमी करतात, आणि खरखर दबावी म्हणून ट्रेबल जास्त. वाजवताना हे उलटं फिरवायचं. शिवाय सुईकडून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, तेही शंभरेक पट वाढवायचे. सगळं काम त्या किड्याचं. ऑक्समागे तो नसतोच!

घरी प्लेयर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो सॉकेटला लागला, तिथून टेप-आउटने ऑक्सला. तबला आला, ऑर्गन आला, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. काकांनी घेतले २०० रुपये, तेही साफसफाईचे.

तुमच्या प्लेयरमागे ‘फोनो/लाइन’ असं बटण असेल तर किडा आतच आहे. लाइनवर ठेवा, ऑक्सला जोडा. लाइनवर ठेवून पुन्हा फोनो सॉकेटला जोडलंत, तर फिल्टर दोनदा लागतो आणि गायिका रांजणात बसून गातेय असं वाटतं.