सुटीनंतरचा खोकला

दिवाळी सरली की विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातल्या जिनिंगमध्ये हंगाम सुरू होतो. कापूस वाहून आणायचा, यंत्रात टाकायचा, त्यातला काडीकचरा वेचायचा, सांडलेलं झाडून काढायचं. यातली कितीतरी कामं रोजंदारीवरच्या बायका करतात. नाकातोंडावर पदर घट्ट बांधून त्या दिवसभर धुळीत उभ्या असतात. पण पदरातून बारीक धूळ आत जातेच. संध्याकाळी छाती आवळून येते, खोकला थांबत नाही. घरचे म्हणतात, चुलीच्या धुरानं होत असेल. दवाखान्यात एक्स-रे काढला तर तो साफ येतो. मग बाईच्या कपाळी नेहमीचं निदान : अशक्तपणा, नाहीतर ‘मनाचं’.

मैत्रिणींनो, हे दुखणं मनाचं नाही, कामाचं आहे. त्याला नावही आहे – बिसिनोसिस. आणि ते नवंही नाही. जवसाचे धागे विंचरणाऱ्या कामगारांच्या खोकल्याबद्दल इटलीतल्या रामाझिनी या डॉक्टरांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं.

शरीरात नेमकं काय होतं, ते आपण समजून घ्यायला हवं. बोंडाभोवतीची पानं वाळतात, त्यांच्यावर जिवाणू वाढतात. या पानांचा चुरा कापसाबरोबर जिनमध्ये येतो. त्याचे बारीक कण श्वासावाटे फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या रखवालदार पेशी असतात. आलेला कचरा गिळून टाकायचा, हे त्यांचं काम. या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं द्रव्य असतं. ते दिसताच या पेशी धोक्याची हाक देतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्या झटापटीत श्वासनळ्या सुजतात, आवळतात. जिवाणू मेले तरी एंडोटॉक्सिन टिकून राहतं. म्हणजे ही लागण नव्हे. जंतू मारणाऱ्या गोळ्या खाऊन ती जाणार नाही. एखाद्या वेळी ही झटापट झाली तर ते शरीराचं संरक्षण. पण रोज, हंगामामागून हंगाम झाली तर फुप्फुसच निकामी होत जातं.

या आजाराची एक खूण लक्षात ठेवा. सुरुवातीच्या काळात सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास सर्वांत जास्त होतो, मग आठवडाभरात कमी होतो, कारण शरीर रोजच्या माऱ्याला तात्पुरतं सरावतं. आता गंमत बघा. सुटीवरून आलेली बाई धापा टाकू लागली, तर मुकादम तिला कामचुकार म्हणणार! आजाराचं लक्षण हाच तिचा गुन्हा ठरतो.

शांघायच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांचा अभ्यास १९८१ पासून अनेक वर्षं चालला. सुती गिरणीतल्यांची श्वासाची ताकद रेशमी गिरणीतल्यांपेक्षा जास्त वेगानं घटली, आणि काम सुटल्यावर काहीशी सुधारलीही. म्हणजे वेळीच धूळ हटवली तर नुकसान थोडं तरी भरून येऊ शकतं. मग वाट कशाची पाहायची?

कायदा नाही असं नाही. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजारांची यादी होती, तिच्यात कापसाच्या धुळीचा हा आजार होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. पण आजार यादीत असून काय उपयोग, जर बाईचं नाव हजेरीपटावरच नसेल? शिवाय विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला पूर्वी १० कामगार पुरत. २०२० च्या संहितेनं ते २० केले. लहान जिन त्या व्याख्येतूनच निसटते.

आणि थोडं आपल्याविषयी. बाईच्या आरोग्याचं नाव काढलं की आपणही बाळंतपण, पाळी, रक्तक्षय यांपाशीच थांबतो. ते प्रश्न खरेच आहेत. पण बाईला गर्भाशय आहे तसं फुप्फुसही आहे, आणि ती घराबाहेर राबते. चुलीचा धूर तिला बाधतोच, पण त्याच्याआड जिनच्या धुळीला लपू देता कामा नये.

म्हणून येत्या हंगामात जिनिंगच्या गावांतल्या गटांनी एवढं तरी करावं. बैठकीत प्रत्येकीला विचारावं : सुटीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते का? उत्तरं तारखेनिशी लिहून ठेवावीत. त्या दिवशी कामाआधी आणि कामानंतर श्वासाची ताकद मोजावी, नुसत्या एक्स-रेवर भागवू नये, ही मागणी सरकारी दवाखान्याकडे करावी. मालकाकडे धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि हजेरीपटावर नाव मागावं. तोंडाला बांधायला फडकं देऊन त्याची जबाबदारी संपत नाही.

मजुरी आपण भांडून मिळवायला शिकलो. आता श्वासासाठीही भांडायला हवं.