मशरूम कोरल : एकाचे चार करताना



आपल्या वस्त्यांतली काही मुले मत्स्यालयाच्या दुकानात कामाला असतात, तर काही लोकांच्या घरी जाऊन काचेच्या टाक्या साफ करतात. टाकी खाऱ्या पाण्याची असेल तर आतला एकेक जीव महागाचा. तो दगावला की बोल कामावरच्या पोराला. म्हणून आज मशरूम कोरलविषयी लिहितो.

नावात कोरल असले तरी याला चुन्याचा सांगाडा नसतो. दगडाला चिकटलेली मऊ, मांसल चकती आणि तिच्या मधोमध तोंड, एवढाच हा प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला वाटा या प्राण्याला मिळतो. डिस्कोसोमा, रोडॅक्टिस, रिकॉर्डिया ही त्याची दुकानातली नावे. बहुतेकांना मंद उजेड आणि संथ पाणी मानवते. उजेड कमी पडला तर चकती उंच ताणते, फार झाला तर आक्रसते. जागा आवडलीच नाही तर दगड सोडून चक्क तरंगत निघून जाते!

जागा बदलायची तर दगडासकट उचलावे, हे उत्तम. दगड मोठा असेल तर छिन्नीने त्याचा खालचा कपचा काढावा. तेही जमत नसेल तर धारदार पात्याने बुडाशी कापावे. दगडावर राहिलेल्या चिकट तुकड्यांतूनही काही आठवड्यांत नवी पिल्ले उगवतात, तेव्हा तो दगड घासून टाकू नये.

वाढ करायची असेल तर टाकीचेच पाणी वेगळ्या भांड्यात घ्यावे आणि चकती तोंडावरून कापून दोन किंवा चार भाग करावेत. प्रत्येक भागाला तोंडाचा थोडा अंश आला तर तो लवकर सावरतो. खरी अडचण पुढेच आहे. हा प्राणी इतका बुळबुळीत की डिंक त्याला धरत नाही, आणि नवशिके इथेच हरतात. पसरट डबीत दगडाचे बारीक खडे घालावेत, तुकडे त्यांवर ठेवावेत, वरून जाळीचे कापड बांधावे आणि डबी टाकीच्या संथ कोपऱ्यात ठेवावी. एक-दोन आठवड्यांत तुकडे आपण होऊन खड्यांना धरतात. मग तो खडाच हव्या त्या जागी चिकटवता येतो. रोज जाळी उचलून बघण्याचा मोह मात्र आवरावा. शेजारी दुसरे कोरल असेल तर अंतर राखावे, कारण वाढलेले मशरूम शेजाऱ्याला झाकून टाकते.

खडे कुठले घ्यावेत, हाही प्रश्न आहे. समुद्रातून फोडून आणलेला दगड म्हणजे बहुधा दगडी प्रवाळाचा सांगाडा. दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षण आहे. झडती आली तर दुकानदार हात वर करतो आणि नोकर सापडतो. तयार केलेला कृत्रिम दगडच वापरावा.

आता घरच्या मंडळींनी नीट वाचावे. मशरूमच्या शेजारी त्याच दगडावर पॅलिथोआ नावाचा प्राणी असू शकतो. त्याची गोल तोंडे एका थरातून दाटीने उगवतात आणि कडेला झालर असते. मशरूमला सहसा अशी झालर नसते. पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकते. असा दगड कधीही उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये, ब्रशने खरवडू नये. वाफेतून किंवा तुषारांतून विष श्वासात जाते आणि घरातल्या इतरांनाही बाधते. हातमोजे आणि डोळ्यांचा चष्मा मुलाने मालकाकडून मागूनच घ्यावा. हाताला जखम असेल त्या दिवशी टाकीत हात घालू नये. कामानंतर ताप, खोकला, धाप, तोंडाला कडवट चव किंवा डोळ्यांची आग होऊ लागली तर ताबडतोब दवाखाना गाठावा आणि 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना दाखवावा.