भिंतीत दडलेली हुंडी

सोयाबीन तेलाच्या व्यापारात ‘गम’ हा शब्द परिचयाचा आहे. कच्च्या तेलात पाणी मिसळून जो चिकट अंश वेगळा काढला जातो, त्यापासून लेसिथिन तयार होते. चॉकलेट-बिस्किटांच्या वेष्टनावर ते ३२२ या क्रमांकाने नोंदलेले असते. (लेसिथिन अंड्यापासूनही मिळते, म्हणून वेष्टन वाचणाऱ्या घरांत त्याच्या उगमाची चौकशी होते, आणि ती रास्तच आहे.) लेसिथिनातील प्रमुख द्रव्ये म्हणजे फॉस्फोलिपिडे. मानवी शरीरातील प्रत्येक पेशीची कुंपणभिंत मुख्यत्वे याच जातीच्या द्रव्यांची बनलेली असते. त्यांच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते, तर दोन शेपट्या पाणी टाळतात. त्यामुळे शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी दुहेरी भिंत आपोआप उभी राहते.

भिंत म्हणजे केवळ आडोसा, हीच समजूत दीर्घकाळ होती. तिला पहिला तडा १९५३ साली गेला. कॅनडातील माँट्रियल येथे लोवेल आणि मेबल होकिन हे दांपत्य कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांवर प्रयोग करीत होते. किरणोत्सर्गी फॉस्फरस घातलेल्या द्रवात चकत्या ठेवून त्यांनी ॲसिटिलकोलीन हे उद्दीपक मिसळले. पाचकरस स्रवू लागले, हे अपेक्षितच होते. परंतु फॉस्फरसची मोठी जमा फॉस्फोलिपिडांच्या खात्यात झालेली आढळली. भिंतीचा माल अचानक इतक्या वेगाने का बदलला जावा? हिशेब काही लागेना.

तो लागण्यास तीस वर्षे गेली. १९७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट मिशेल यांनी या उलाढालीचा संबंध पेशीतील कॅल्शियमशी असावा, असे मांडले. १९८३ मध्ये मायकेल बेरिज व त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुन्हा स्वादुपिंडाच्याच पेशींवर, प्रत्यक्ष दुवा दाखविला.

घडते ते असे. भिंतीच्या आतील थरात पीआयपी-२ नावाचे एक फॉस्फोलिपिड अत्यल्प प्रमाणात असते. बाहेरून संप्रेरकाचा निरोप ग्राहक-प्रथिनापाशी पोहोचला, की एक विकर या रेणूचे दोन तुकडे करते. आयपी-३ हा तुकडा पाण्यात विरघळणारा. तो आतील कोठारापर्यंत जाऊन तेथील कॅल्शियम मोकळे करतो. निवांत पेशीतील मुक्त कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असते, त्यामुळे थोडीशी वाढही मोठा संकेत ठरते. दुसरा तुकडा भिंतीतच राहतो आणि प्रोटीन कायनेज-सी हे विकर जागे करतो. हा भाग जपानमधील कोबे येथील यासुतोमी निशिझुका यांनी उलगडला. जुन्या पेढीवर हुंडी वटावी तसा हा व्यवहार. फरक इतकाच, की येथे हुंडी भिंतीच्या विटेतच दडलेली असते. वटलेली वीट पुन्हा घडवावी लागते, आणि त्यासाठी नवा फॉस्फरस लागतो. होकिन दांपत्याला दिसलेली जमा ती हीच.

मधुमेह ज्या घरात आहे, त्यांच्यासाठी याच रेणूची दुसरी वाट अधिक महत्त्वाची. इन्शुलिनचा निरोप आला, की पीआयपी-२ फुटत नाही. त्याला आणखी एक फॉस्फेट जोडले जाऊन पीआयपी-३ बनते. त्याच्या इशाऱ्याने स्नायूंच्या व मेदाच्या पेशी साखर आत घेणारी प्रथिने पृष्ठभागावर आणतात. ही साखळी मंदावली, तर रक्तात इन्शुलिन असूनही साखर बाहेरच ताटकळते. डॉक्टर ज्याला ‘इन्शुलिन रेझिस्टन्स’ म्हणतात, त्यात हा बिघाड असतो. केवळ साखर कमी खाल्ली की झाले, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे; चालण्याचा व्यायाम म्हणूनच उपयोगी, कारण काम करणारा स्नायू इन्शुलिनवाचूनही काही साखर आत ओढू शकतो.

उलट, हा संकेत वेळेवर थांबणेही तितकेच आवश्यक. जोडलेले फॉस्फेट काढून घेण्याचे काम पीटेन नावाचे प्रथिन करते. अनेक कर्करोगांत ते निकामी झालेले आढळते, आणि मग वाढीचा हुकूम चालूच राहतो.